मांजरीची वंशावळ आणि बाईची कमाई

‘बाईचा धंदा, धंद्याचा इतिहास’ या आपल्या मालेत आतापर्यंत आपण कोंबड्या, शेळ्या, शिवणकाम, पापड-कुरडया असं बरंच काही बोललो. आज विषय जरा वेगळा आहे. आज आपण मांजरांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. जातिवंत मांजरांची पिल्लं घरात वाढवून विकायची, हा धंदा जगात सुमारे दीडशे वर्षांपासून चालत आलेला आहे, आणि तो उभा करण्यात बायकांचा हात फार मोठा आहे.

हा विषय घ्यायचं कारणही आहे. हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा लांब केसांचं, चपट्या नाकाचं पर्शियन मांजर दिसू लागलं आहे. एकेका पिल्लाची किंमत हजारांत सांगतात. मग बचत गटाच्या बैठकीत कोणीतरी विचारतंच, “अगं, एक जोडी घेतली तर? शेळीपेक्षा जागा कमी लागते, चाराही नको.” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात आम्ही देणार नाही. ज्या बायकांनी हा धंदा पहिल्यांदा केला त्यांचं काय झालं, तेवढं सांगतो. हिशेब तुम्हीच मांडा.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या घरातली भाटी वर्षातून दोनदा-तीनदा विते. पिल्लं कोणी मागितली तर आपण देऊन टाकतो. मांजर विकत घ्यायचं असतं, हेच आपल्या आजीला खरं वाटलं नसतं. इंग्लंडमध्येही तसंच होतं. मांजर म्हणजे कोठारातले उंदीर मारणारं जनावर. लंडन शहरात मांजरांसाठी घोड्याच्या मांसाचे तुकडे विकणारे फेरीवाले दारोदार फिरत, इतकी मांजरं घराघरांत होती, पण मांजराला स्वतःला किंमत नव्हती. मग ती आली कुठून?

थोडी आली लांब केसांतून. आपल्यासारख्याच तिथल्या लोकांना आखूड केसांच्या मांजराची सवय. इटलीचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले इराणात फिरत होता तेव्हा, म्हणजे १६२०च्या सुमारास, त्याने खुरासान भागातल्या लांब रेशमी केसांच्या मांजरांचं वर्णन लिहून ठेवलं. हाच गृहस्थ पुढे सुरतेला आणि गोव्यालाही आला होता. दुसरी नोंद तर आपल्या आणखी ओळखीच्या माणसाची आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो पेशव्यांच्या दरबारी पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि १८१९ ते १८२७ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, तो १८०९ मध्ये काबूलच्या राजाकडे वकील म्हणून पेशावरला गेला होता. १८१५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं आहे की तिकडून लांब केसांची मांजरं मोठ्या संख्येने बाहेर विकायला जातात आणि सगळीकडे त्यांना ‘पर्शियन’ म्हणतात, पण इराणात मात्र ती फारशी नाहीत.

बघा, माल अफगाण प्रदेशाचा आणि नाव इराणचं. बाजारात नाव असंच चिकटतं. अलीकडे शास्त्रज्ञांनी आजच्या पर्शियन मांजरांचं रक्त तपासलं, तर त्यांचं नातं इराणच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जास्त जवळचं निघालं. म्हणजे आज ज्याला आपण पर्शियन म्हणतो तो वाण तयार झाला तो इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांमध्ये. तो केला कोणी, ते आता पाहू.

१३ जुलै १८७१ या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या भव्य इमारतीत मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते भरवलं हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने. सुमारे १७० मांजरं पिंजऱ्यांत ठेवली होती. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात खिल्लार बैलाची शिंगं, रंग, चाल बघून बक्षीस देतात ना, तसेच मांजरासाठी गुण ठरवले होते. डोकं कसं असावं, डोळ्यांचा रंग कोणता, केस किती लांब, हे सगळं वेअरनेच लिहून काढलं. कष्टकरी माणसांच्या मांजरांसाठी वेगळा गट होता. वेअरचा हेतू साधा होता. लोक मांजरांना दगड मारतात, उपाशी ठेवतात. त्यांचं रूप लोकांनी नीट पाहिलं तर त्यांना बरी वागणूक मिळेल, असं त्याला वाटे.

लोकांनी पाहिलं. गर्दी उसळली. आणि ज्याला बक्षीस मिळतं त्याला भाव येतो, हा बाजाराचा नियम तिथेही लागू झाला.

आता बायका यात कशा आल्या? इथे एक कायदा आडवा येतो, आणि तो आपण समजून घ्यायला हवा. तोवर इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईने कमावलेला पैसा कायद्याने नवऱ्याचा असे. १८७० मध्ये तिथे कायदा झाला की विवाहित बाईची स्वतःची मजुरी आणि कमाई तिची स्वतःची राहील. १८८२ मध्ये दुसरा कायदा झाला आणि तिला स्वतःच्या नावावर मालमत्ताही ठेवता येऊ लागली. पहिला कायदा १८७०चा आणि मांजरांचं प्रदर्शन १८७१चं. या दोन गोष्टी ठरवून जुळवलेल्या नव्हत्या, पण त्यांचा मेळ बसला.

त्या काळात मध्यमवर्गातल्या बाईने नोकरीसाठी बाहेर पडणं कमीपणाचं मानत. शिक्षिका किंवा दुसऱ्याच्या घरी मुलं सांभाळणारी बाई, एवढेच मार्ग. पण घराच्या मागच्या अंगणात चार मांजरी पाळल्या, पिल्लं विकली, तर लोक नावं ठेवत नसत. ‘बाईंना मांजरांची हौस आहे,’ एवढंच म्हणत. हौसेच्या पदराखाली कमाई चाले. आपल्याकडेही शिवणकाम करणाऱ्या बाईला “वेळ जातो तिचा” असंच म्हणतात ना? त्या वेळ जाण्यातून मुलांच्या शाळेचा खर्च निघतो, ते कोणी बोलत नाही.

पण नुसतं सुंदर मांजर असून भागत नाही. जातिवंत म्हणून विकायचं तर त्याची आई कोण, बाप कोण, आजी-आजोबा कोण, हे लिहिलेलं असावं लागतं. यालाच वंशावळ म्हणायचं. १८८७ मध्ये इंग्लंडमध्ये ‘नॅशनल कॅट क्लब’ स्थापन झाला आणि मांजरांची नोंदवही सुरू झाली. हॅरिसन वेअर त्याचा पहिला अध्यक्ष. १८९८ मध्ये लेडी मार्कस बेरेसफोर्ड या बाईंनी दुसरी संस्था काढली, ‘कॅट क्लब’. विंडसरजवळच्या त्यांच्या घराच्या आवारात शे-दीडशे मांजरं असत, त्यांच्यासाठी वेगळी कौलारू घरं होती आणि सांभाळायला माणसं होती. दोन संस्था, दोन वह्या, आणि त्यांच्यात चुरस. कुठल्या वहीतली नोंद खरी, यावरून भांडणं. शेवटी १९१० मध्ये सगळ्या क्लबांनी मिळून एक मंडळ केलं, ‘गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी’. ते आजही आहे आणि नोंदणी करतं.

ही वही म्हणजेच या धंद्याचा कणा. आपल्या बचत गटात बैठकीची वही नसेल तर बँक दारात उभं करत नाही, तसंच. वंशावळीचा कागद नसेल तर ते पिल्लू दिसायला कितीही देखणं असो, ते जातिवंत ठरत नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवा. पुढे हिशेबात लागणार आहे.

त्या काळात या कामात सगळ्यात जास्त लिहिणारी बाई म्हणजे फ्रान्सेस सिम्प्सन. त्या स्वतः पर्शियन मांजरं पाळत, प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसत आणि वर्तमानपत्रांत लिहीत. १९०३ मध्ये त्यांचं ‘द बुक ऑफ द कॅट’ हे जाडजूड पुस्तक आलं. त्यांच्या आणखी एका पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो ‘मांजरं : आनंदासाठी आणि नफ्यासाठी’. शब्दांचा क्रम बघा. आधी आनंद, मग नफा.

धंदा चालायचा कसा, तेही सांगतो. भाटी माजावर आली की तिला चांगल्या वंशाच्या बोक्याकडे न्यायचं. बोका दुसऱ्या गावात असेल तर भाटीला वेताच्या टोपलीत घालून रेल्वेने पाठवत. बोक्याच्या मालकिणीला फी मिळे. भाटी परत आली की साधारण नऊ आठवड्यांनी विते. पिल्लं मोठी झाली की तीही टोपलीतूनच रेल्वेने गिऱ्हाइकाकडे जात. म्हणजे कमाईचे दोन रस्ते होते, बोक्याची फी आणि पिल्लांची विक्री. प्रदर्शनात बक्षीस मिळालं की दोन्हीचा भाव वाढे. पण प्रदर्शनात जायचं म्हणजे प्रवेश फी, प्रवासखर्च आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आजार.

आजाराची एक खरी हकीकत ऐका. १८८४ मध्ये बँकॉकमधल्या इंग्रज वकिलातीतल्या ओवेन गुल्ड यांनी आपल्या बहिणीसाठी सयामी मांजरांची जोडी इंग्लंडला आणली. नावं फो आणि मिया. बहिणीचं नाव लिलियन. त्या जोडीची पिल्लं १८८५ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात मांडली. फिकं अंग, काळसर तोंड, निळे डोळे, सगळे बघत राहिले. कौतुक झालं, बक्षीसं मिळाली, आणि थोड्याच दिवसांत ती पिल्लं मेली. तरी बाईंनी हार मानली नाही. १९०१ मध्ये ‘सयामीज कॅट क्लब’ उभा राहिला तेव्हा त्याच्या संस्थापकांत त्या होत्या.

तेव्हा असं वारंवार घडे. शेकडो मांजरं एका छताखाली आली की रोग पसरे. आपल्याकडे कोंबड्यांत मानमोडी शिरली की एका रात्रीत खुराडं रिकामं होतं, तसंच. पिल्लांना जुलाब, उलट्या, ताप, आणि दोन-तीन दिवसांत सगळी वीण खलास. या रोगाला पॅनल्युकोपेनिया म्हणतात. आपले डॉक्टर त्याला मांजरांचा पार्व्हो असंही म्हणतात. तो विषाणूमुळे होतो हे १९२८ मध्ये कळलं, आणि लस तर त्यानंतरच आली. तोवर सिम्प्सनबाईंच्या पिढीने वर्षभराची मेहनत अनेकदा मातीत पुरली.

मग आली दोन महायुद्धं. माणसांनाच मांस मोजून मिळे, तिथे मांजरांना कुठून? पिल्लांना गिऱ्हाईक उरलं नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बाँब पडतील या भीतीने लंडनच्या लोकांनी आपली लाखो कुत्री-मांजरं डॉक्टरकडे नेऊन मारून टाकली. ‘रशियन ब्लू’ नावाचा वाण तर इतका थोडा उरला की युद्धानंतर त्यात सयामीचं रक्त मिसळून तो पुन्हा उभा करावा लागला.

इथे जरा थांबून शेळीकडे बघू. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. भाव पडला तरी ती दूध देते, लेंडीखत देते, वजनावर विकली जाते. शेळीचं मोल तिच्या अंगात आहे. जातिवंत पिल्लाचं मोल गिऱ्हाइकाच्या मनात असतं. त्याला नको झालं की मोल संपलं. शिवाय पिल्लू मोठं होत जाईल तसा त्याचा भाव उतरतो आणि खाणं वाढतं. शेळीचं उलट आहे.

आणखी एक गोष्ट झाली, आणि ती आम्हाला सगळ्यात जास्त टोचते. बक्षीस रूपाला मिळतं, म्हणून रूप ताणत ताणत नेलं. जुन्या चित्रांतल्या पर्शियन मांजरांना बऱ्यापैकी नाक दिसतं. पुढे चपटं तोंड हवं, आणखी चपटं हवं, असं करत नाक डोळ्यांच्या मधोमध जाऊन बसलं. त्या मांजराला श्वास नीट घेता येत नाही, डोळ्यांतून सतत पाणी गळतं, बाळंतपण अडतं. त्यातच जवळच्या नात्यात जोड्या लावल्याने मूत्रपिंडात पाण्याचे फोड येण्याचा आजार वंशात पसरला. विसाव्या शतकाच्या शेवटी तपासण्या झाल्या तेव्हा पर्शियन मांजरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मांजरांत तो सापडला. २००४ मध्ये त्याची रक्तातली खूण सापडली, म्हणून आता जोडी लावण्याआधी तपासणी करता येते. जबाबदार माणसं ती करतात.

दुसरं उदाहरण तर शेतावरचंच. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी भाटी होती. तिचे कान पुढे दुमडलेले. शेजारच्या मेंढपाळ विल्यम रॉस आणि त्याची बायको मेरी यांनी तिचं एक पिल्लू घेतलं आणि दुमडक्या कानांचा नवा वाण तयार केला. दिसायला घुबडासारखं गोड. पण पुढे कळलं की ज्या दोषाने कान दुमडतात तोच दोष पायांच्या आणि शेपटीच्या हाडांनाही जखडतो. जनावर आयुष्यभर सांधेदुखी सोसतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या मंडळाने त्या वाणाची नोंदणी बंद केली. तरी इतर देशांत तो खपतोच आहे, कारण फोटोत छान दिसतो.

ज्या हॅरिसन वेअरने हे सगळं सुरू केलं, तो शेवटी अध्यक्षपद सोडून बाजूला झाला. लोकांना मांजराच्या सुखापेक्षा बक्षिसाची जास्त पडली आहे, अशी त्याची खंत होती.

इंग्लंडमध्ये आता नियम कडक आहेत. नोंदणी मंडळ सांगतं की पिल्लू १३ आठवड्यांचं झाल्याशिवाय आणि लसी पूर्ण झाल्याशिवाय विकायचं नाही. ६ एप्रिल २०२० पासून तिथे कायदाच आहे की सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्या-मांजराचं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकता येणार नाही. ज्याच्या घरी ते जन्मलं त्याच्याकडूनच, नाहीतर प्राणी-निवाऱ्यातून घ्यायचं. आपल्या देशातही पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८चे नियम आहेत आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा “घरातलंच तर काम आहे, कोण विचारतं” असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात आधी विचारा.

आता तुमची वही उघडा. भाटीला बोका दाखवल्यापासून विण्यापर्यंत नऊ आठवडे, त्यापुढे पिल्लं सांभाळायची १३ आठवडे. झाले २२ आठवडे, म्हणजे पाच महिने. शेळीचा गाभणकाळही पाचच महिन्यांचा, पण शेळी रानात चरते. मांजर भाकरी-दुधावर जगत नाही. त्याला मांसातला एक घटक लागतोच, टॉरीन त्याचं नाव. तो नसेल तर आंधळेपण येतं, काळीज कमकुवत होतं. लांब केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर गुठळ्या होऊन कातडी सोलते. आपला एप्रिल-मे, त्यात भारनियमन, आणि अंगावर लोकरीसारखे केस. लसी, जंताचं औषध, अडलेलं बाळंतपण, त्यासाठी डॉक्टर कुठे आणि किती लांब? एक रकाना पिल्लं मरण्याचाही ठेवा. आणि एक रकाना तुमच्या श्रमाचा ठेवा, जो आपण नेहमी कोरा सोडतो.

मग विकणाऱ्याला विचारा. वंशावळीचा कागद कोणत्या संस्थेचा? आई-बाप दोन्ही बघायला मिळतील का? मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का? “जोडी घ्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ,” असं कोणी म्हणालं तर ते लिहून मागा. आणि जोडी म्हणून बहीण-भाऊ तर गळ्यात मारत नाहीत ना, तेही बघा.

दीडशे वर्षांच्या या इतिहासात बायकांनी खूप मिळवलं. स्वतःच्या नावावर पैसा, परीक्षकाची खुर्ची, लेखणी, संस्था. ते त्यांनी वहीच्या आणि नियमांच्या जोरावर मिळवलं, एकमेकींशी भांडत का होईना, पण एकत्र बसून मिळवलं. ज्यांना नुसती झटपट कमाई दिसली त्यांनी पैसा गमावला, आणि त्यांची किंमत मुक्या जनावरांनी मोजली.

पुढच्या बैठकीत हा हिशेब सगळ्याजणी मिळून मांडा. कर्जाच्या अर्जावर सही त्यानंतर. आणि दारातल्या आपल्या गावरान भाटीलाही विसरू नका. तिला वंशावळ नाही, पण तुमच्या कणगीतलं धान्य वर्षभर तीच राखते आहे.